घारटेकडीचा पहारा

१५ फेब्रुवारी १९८४, बुधवार

आज रुजू झालो. जागा एकदम झकास आहे, आणि हे मी कोणाचं मन राखायला लिहीत नाही. वही माझी आहे.

मुलुंडला उतरून धर्माबरोबर चढलो. धर्मा हा इथला वनरक्षक, मढचा कोळी. त्याचे बाप-भाऊ अजून होडीवर जातात. हा एकटाच समुद्र सोडून डोंगरात शिरला म्हणून घरात त्याला 'माकड' म्हणतात. हे त्यानंच सांगितलं आणि स्वतःच मोठ्यांदा हसला. चढण संपते तिथे, घारटेकडीच्या माथ्यावर, मनोरा उभा आहे. चार लोखंडी पाय, वळत वळत वर जाणारा जिना आणि टोकाला चारी बाजूंनी काचा असलेली खोली. जंगलात वणवा लागला तर धूर कुठून येतोय ते तिथून बघायचं आणि वायरलेसवरून खालच्या ऑफिसला कळवायचं. पाऊस पडेपर्यंत माझं काम एवढंच. रात्री मनोऱ्याखालच्या चौकीत झोपायचं, आठवड्यातून एकदा घरी.

वरून काय दिसत नाही! पायाशी विहार तलाव, उजव्या हाताला तुळशी, डावीकडे पवई. पलीकडे बोरिवली-दहिसरच्या नव्या बिल्डिंगी. विमानं उतरायला लागली की जवळजवळ माझ्या डोळ्यांच्या रेषेत येतात. दक्षिणेला, हवा स्वच्छ असली तर, परळ-लालबागच्या गिरण्यांच्या चिमण्या काड्यांसारख्या दिसतात. त्यांतल्या एकीखाली मी चौदा वर्षं माग चालवला. संपापासून तिच्यातून धूर निघाला नाही. आणि मला नोकरी लागली ती धूर शोधायची. एकटाच हसलो. धर्मानं विचारलं काय झालं, पण सांगितलं नाही.

सकाळी डबा हातात देताना सुगंधा तिच्या मालवणीत म्हणाली, "जपान ऱ्हवा." जपून राहा. घाटकोपरच्या आमच्या चाळीतून ही टेकडी दिसत नाही ते बरंय, नाहीतर रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहून हात हलवत बसली असती.

१९ फेब्रुवारी, रविवार

मनोरा म्हणजे नुसतं वर बसून बघणं नव्हे, हे आता कळतंय. सकाळी आधी चारी काचा पुसायच्या. एक माशीचा डाग राहिला तरी दुपारच्या उन्हात तो लांबचा धूर वाटतो. मग जिन्याचे नटबोल्ट पान्यानं बघायचे, वाऱ्यानं ते रोज थोडे सैल होतात. जिथे गंज धरलाय तिथे पॉलिश पेपरनं घासून लाल ऑक्साइड, वर हिरवा रंग. पायांना डांबर. मनोऱ्याभोवतीचं गवत मुळापासून काढून जमीन उघडी ठेवायची, म्हणजे आग आलीच तर मनोऱ्यापाशी तिला खायला काही मिळू नये. अशीच रुंद पट्टी उतारावर लांबवर काढलेली आहे. तिला इथे जाळरेषा म्हणतात.

खोलीच्या मधोमध लाकडी मेजावर पत्र्याची गोल चकती आहे, अंशांच्या खुणा केलेली. तिच्यावरची पट्टी धुराच्या दिशेला फिरवायची आणि आकडा वायरलेसवर सांगायचा. भिंतीला हँडल फिरवायचा जुना टेलिफोनही आहे, पण तो मेलेला आहे. त्याची तांब्याची तार चोरांनी कधीच कापून नेली. तुटका शेंडा मनोऱ्याच्या पायापाशी लोंबतोय. काढून टाकू का, असं मी विचारलं, तर धर्मा म्हणाला की तो स्टॉकमध्ये आहे, काढला तर उत्तर द्यावं लागेल.

लोखंडाला हात लागला की बरं वाटतं. मशीन नसलं तरी लोखंड ते लोखंडच.

२६ फेब्रुवारी, रविवार

पश्चिमेच्या उतारावर एक पाडा आहे, कुडाच्या दहा-बारा झोपड्या. तिथली कृष्णाबाई चौकीला पाणी भरते. म्हातारी नाही म्हणता येणार, पण कमरेत वाकलीय. डोक्यावर दोन हंडे घेऊन ओढ्यापासून चढते, हंडे ठेवते, विडीचे दोन झुरके मारते आणि जाते. इतके दिवस बघतोय, तिनं मान वर करून मनोऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. बसतेही पाठ करून.

धर्माला विचारलं. तो म्हणाला की तिचा नवरा चंदर इथेच पहारेकरी होता. तेव्हा मनोरा लाकडी होता. अठरा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात काम टाकून पळून गेला, कोणी म्हणतं सुरतेला बाई केली. ऑफिसच्या कागदावर फरारी. तेव्हापासून पाड्यात तिला टाकलेली म्हणतात. लग्नकार्यात पुढे बोलवत नाहीत.

मी विषय बदलला. संपानंतर गेटवर उभे असताना आम्हाला रोज सांगायचे. थांबा, गेट उघडेल. थांबा, बोलणी चालू आहेत. दीड वर्ष थांबलो, आणि शेवटी कामगार स्वतःहून कामावर आले नाहीत, असं गिरणीनं आमच्याही कागदावर लिहून टाकलं.

८ मार्च, गुरुवार

आज पहिला खरा धूर. तुळशीच्या बाजूला, बांबूच्या बेटामागे. चकती फिरवली, आकडा कळवला. जीप गेली, पाडेकरीही गेले, जांभळाच्या फांद्यांनी झोडपून तासाभरात विझवली. वनपाल नाबरसाहेब वायरलेसवर स्वतः म्हणाले, शाब्बास घाडी. गिरणीत चौदा वर्षांत साहेबाच्या तोंडून माझं नाव कधी ऐकलं नव्हतं, बिल्ल्याचा नंबरच ऐकायचो.

१८ मार्च, रविवार

काल होळी. अंधार पडल्यावर वरून बघितलं तर भांडुपपासून दहिसरपर्यंत सगळीकडे ठिपके पेटलेले. आज धुळवड, धर्मा मढला गेलाय, मी एकटा.

दुपारी काचा तापल्या होत्या, डोळा लागत होता. टेलिफोन वाजला.

हँडल मारल्यावर वाजते तशी तुटक घंटा. मी उठलो आणि सवयीनं उचलला. वाळक्या पानांवरून कोणी चालावं तसा आवाज. मग एक माणूस म्हणाला, "ऑफिस? गाडी निघाली का?"

मी म्हटलं, कोण बोलतंय?

"घारटेकडी. आग जवळ आलीय, साहेब. गाडी निघाली का?"

घारटेकडीवरून तर मी बोलत होतो.

खाली जाऊन तार बघितली. तुटलेलीच आहे, टोकाला गांधीलमाशीनं घर केलंय.

२२ मार्च, गुरुवार

रोज वाजतो. ऊन डोक्यावर असताना, तेवढाच वेळ. पहिले दोन दिवस उचलला नाही, पण मग थांबतच नाही, काचा थरथरतात. उचलला की तेच. गाडी निघाली का. आवाज तरुण आहे, अदबीचा. खोकतो. कालपासून रिसीव्हर कानाला भाजतो, फडक्यात धरावा लागतो. फोन ठेवला की खोलीत जळक्या केसांचा वास उरतो.

आज मी सांगितलं, बाबा रे, कोणी येणार नाही, खाली उतर, पळ.

तो म्हणाला, "साहेबांनी थांबायला सांगितलंय."

भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला. कोणाचा ते सांगता येत नाही.

२७ मार्च, मंगळवार

धर्माला सगळं सांगितलं. वाटलं होतं हसेल. हसला नाही. विडी पेटवली, लगेच विझवली, म्हणाला, "दशरथ, तू सोड रे ही नोकरी. अंधेरीला कुठल्यातरी कारखान्यात लाग."

मग हळूहळू बोलला. ऑफिसचा एक जुना ड्रायव्हर रिटायर होताना दारू पिऊन त्याच्याजवळ रडला होता. त्या वर्षी चैत्रात पश्चिमेकडून वणवा आला. चंदरनं फोनवर फोन केले. जीप एकच, आणि ती तेव्हाच्या साहेबांनी सिनेमाच्या शूटिंगवाल्यांना दिलेली, हिरॉइनचे कपडे ने-आण करायला. तेव्हा चंदरला सांगितलं, गाडी निघालीय, जागा सोडू नकोस. तो थांबला. लाकडी मनोरा पायापासून पेटला. दुसऱ्या दिवशी जे सापडलं ते या ड्रायव्हरनं आणि आणखी एकानं पोत्यात घालून ओढ्यापलीकडे पुरलं. कागदावर मनोरा विजेनं जळाला, आणि पहारेकरी आदल्या दिवशीच फरारी. नवा लोखंडी मनोरा त्याच चौथऱ्यांवर उभा केला.

चैत्रात, निरभ्र आकाशातून वीज!

कृष्णाबाईला हे माहीत आहे का, मी विचारलं. धर्मा म्हणाला, तिला कोण सांगणार?

२ एप्रिल, सोमवार

आज पाडवा. धर्मानं सुके बोंबील भाजले होते. कृष्णाबाई हंडे ठेवून बसली तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. जीप, शूटिंग, पोतं, टेलिफोन, सगळं. धर्मा डोळ्यांनी मला गप्प करत होता. मी गप्प बसलो नाही.

ती रडली नाही. बराच वेळ जमिनीत नख टोकरत राहिली. मग तिनं विचारलं की तो काय बोलतो. मी सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं.

म्हणाली, "म्हणजे अजून वरच हाय तो."

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं मान वर करून मनोऱ्याकडे बघितलं.

४ एप्रिल, बुधवार

कृष्णाबाई आज वर आली. जिना चढताना तिनं कठडा धरला नाही. खोलीत येऊन चकतीशेजारी उकिडवी बसली. आम्ही दोघं वाट बघत होतो. बाहेर एक घार त्याच त्याच जागेवर फिरत होती.

वाजला. मी उचलला आणि फडक्यासकट तिच्या हातात दिला. तिनं उलटा धरला, मी सुलटा केला. ती ऐकत राहिली. तिच्या तोंडावर काय आलं ते मला लिहिता येत नाही. सुगंधाला बाळंतपणानंतर पोर पहिल्यांदा हातात दिलं होतं, तेव्हा थोडंसं तसं दिसलं होतं.

मग तिनं एवढंच म्हटलं. नाव घेतलं नाही, नुसतं "एऽ" करून हाक मारली. "घरा ये. नको थांबू आता. मी सांगते ना, घरा ये."

रिसीव्हर तिनं मला परत दिला. मी कानाला लावला. खोकणं थांबलं होतं. स्टूल सरकवल्याचा आवाज आला, आणि मग लाकडी जिन्यावरून कोणी अनवाणी उतरावं तसा थप थप.

जाताना तिनं विचारलं, चौकीत तांदूळ आहेत का? तिच्याकडे नाचणीच होती, आणि त्याला भात आवडायचा. मी धर्माच्या डब्यातला तांदूळ तिच्या पदरात ओतला.

५ एप्रिल, गुरुवार

फोन वाजला नाही. दुपारभर वाट बघितली. काय शांत वाटतंय! आयुष्यात एक तरी काम नीट केलं असं वाटतंय. रविवारी घरी जाईन तेव्हा सुगंधाला सांगेन.

६ एप्रिल, शुक्रवार

सर्वांत वरच्या पायरीवरचा रंग फुगून फुटलाय. पावलाच्या आकारात. पाच बोटं, टाच, सगळं. रंगाच्या पापड्या वळल्यात आणि खालचं लोखंड भट्टीतून काढल्यासारखं निळं पडलंय. टाच खोलीकडे, बोटं खाली.

खरवडलं. ऑक्साइड लावला. हिरवा लावला.

१० एप्रिल, मंगळवार

घरी गेलो नाही. सुगंधाला निरोप पाठवला, काम आहे.

रोज दुपारी तो थोडा खाली उतरतो. फोन जेवढा वेळ वाजायचा तेवढाच वेळ चालतो, मग थांबतो. संध्याकाळी मी रंगाचा डबा घेऊन नव्या पायऱ्या रंगवतो. सकाळी रंग असतो. दुपारी पुन्हा फुटतो, जिथे काल होता तिथेही आणि पुढेही. आज पहिल्या वळणापर्यंत आलाय. मी वर बसलेलो असतो आणि पायऱ्या तडतडताना ऐकतो. दिसत काहीच नाही.

एकदा कठड्यावरून वाकून खाली बघितलं. पायरीवरची हवा हलत होती, डांबरी रस्त्यावर उन्हात हलते तशी. माणसाच्या उंचीएवढीच.

१३ एप्रिल, शुक्रवार

तो मनोऱ्यावरून उतरला. उघड्या मातीवर काही दिसत नाही, पण पट्टीपलीकडे गवत सुरू होतं तिथे पावलाएवढा काळा डाग. शेजारचं गवत पिवळंच. पुढे दुसरा डाग. पाड्याच्या दिशेनं.

धर्मानं बघितलं. त्यानं फांदीनं झोडपलं, पाणी ओतलं. वाफ आली. "वाट लागली आपली," म्हणाला, आणि मग कोळ्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटला. देवाचं असावं.

१५ एप्रिल, रविवार

मी वायरलेसवर कळवलं, उतारावर धूर आहे. होताच, बारीक, सुतासारखा. जीप आली. साहेबांना काही दिसलं नाही. काल पण कळवलं होतं, परवा पण. नाबरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, गिरणीवाल्यांना काम नकोच असतं, गडबड पाहिजे असते. परत असा धूर दिसला तर नोकरी सोडून सरळ घाटकोपरला घरी जायचं.

मी डाग दाखवले. ते म्हणाले, विडीची थोटकं.

१६ एप्रिल, सोमवार

पाड्यात गेलो, धर्मा बरोबर होता. लोकांना म्हटलं, चार दिवस खाली मुलुंडला जाऊन राहा. कोणी उठेना. एक बाप्या म्हणाला की झोपडी रिकामी दिसली की ऑफिसचे लोक मोडून टाकतात, मागच्या वर्षी दोन मोडल्या. हे खोटं म्हणता येईना. धर्मा मान खाली घालून उभा होता. मोडायला तोच गेला होता.

कृष्णाबाईच्या दारात सारवलेलं होतं. रांगोळीसारखं तांदळाच्या पिठाचं काहीतरी काढलेलं. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. मी सांगितलं की तो कसा येतोय. म्हटलं, वर चला, फोनवर सांगा त्याला, थांब म्हणावं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "थांब सांगू? मी?"

त्या शब्दाची मलाच चीड आहे.

१८ एप्रिल, बुधवार

फोन मीच फिरवून बघितला. हँडल मारलं, पुन्हा मारलं. नुसता थंड रिसीव्हर. वर आता कोणीच नाही.

मी एकटाच.

१९ एप्रिल, गुरुवार

डाग करवंदीच्या जाळीपर्यंत. तिथून पाडा हाकेवर आहे. आता शेजारचं गवतही धरायला लागलंय, धर्मा दिवसभर झोडपतो. त्याच्या हातांना फोड आलेत. पळून का जात नाहीस, मी विचारलं. म्हणाला, "तू का जात नाहीस?"

मी सांगितलं, बोलावलं मी त्याला.

२१ एप्रिल, शनिवार

दुपारी धूर. कळवला नाही. कळवून काय—

धर्मानं पाणी टाकलं. विझलं. पाड्याच्या कुंपणाला टेकलाय. उद्या—

रात्री झोप नाही. चौकीतून पाड्याचा एकच दिवा दिसतो, तिच्या घरातला.

२२ एप्रिल, रविवार

दुपार. पेटलं. तिचं घर आधी, मग सगळंच. पश्चिमेचा वारा.

वायरलेसवर सांगितलं. ओरडून सांगितलं. ऑफिसात रविवारचा एकटा ऑपरेटर. म्हणाला, साहेबांनी सांगून ठेवलंय, घाडीचा धूर आला तर लिहून ठेवा, गाडी काढू नका.

धर्मा दुसरा सेट घेऊन पाड्यात आहे. धुरात त्यांना काही दिसत नाही. मला वरून दिसतंय. उजवीकडे आग, मागे आग, डावीकडे ओढा मोकळा. सांगतोय. ओढ्यात उतरा, पाण्यातून तलावाकडे जा. मी हललो तर त्यांना वाट कोण—

थोड्या वेळानं

लोक ओढ्यात उतरले. पोरं खांद्यावर. मोजता येत नाहीत, पण पुष्कळ आहेत. धर्मा सेटवर रडतोय. म्हणतो, कृष्णाबाई येईना. दारात बसलीय. आत कोणीतरी आहे म्हणाला. पाठमोरा. पानावर बसलाय— जेवतोय— आणि ती वाढतेय—

मी म्हटलं, धर्मा, बघू नकोस, चाल.

नंतर

तलावाच्या काठावर पोचले. सगळे. दिसताहेत, पाण्यात उभे आहेत. धर्माचा आवाज आला, "झालं दशरथ, आता तू उतर, लवकर उतर." आता सेट बंद पडला.

आग टेकडी चढतेय. पण माझी पट्टी स्वच्छ आहे. एक काडी ठेवलेली नाही. इथे जळायला काही—

पट्टीवर आग आहे.

गवत नाही, नुसती माती, आणि मातीवर जाळ. पावलाएवढा. मग पुढे दुसरा. तो परत येतोय. जेवून कामावर परत— आणि त्याच्या शेजारी अजून एक पाऊल, लहान, वाकून चालणाऱ्याचं. दोघं आहेत.

जिन्यावर आले. खालचा रंग फुटतोय, ऐकू येतंय. उतरायला जागा नाही. मी दार लावलंय. काय लावलंय मी, काचेचं दार—

सुगंधा, वही डब्यात घालून फेकतोय, धर्माला सापडेल. तुला येऊन सांगतील की तुझा नवरा काम टाकून गेला. कागद दाखवतील. चाळीत बोलतील. तू ऐकू नकोस. मी कुठे गेलेलो नाही. लोक काठावर जाईपर्यंत मी इथे होतो, आणि आता पण इथेच, या खोलीत, मी दशरथ घाडी, पळालेलो ना—